हेटीच्या मागोमाग

"हरेल त्यानं पबच्या दारात माझ्या एडक्याचा मुका घ्यायचा," हेटी म्हणाली, आणि शेजारच्या क्लेमनं हसत टाळी दिली. त्याला कसली भीती? कंब्रियाच्या डोंगरांतल्या हिवाळी शर्यतीत वाट ज्याची त्यानं शोधायची असते. पण दोन वर्षं हा बाबा बर्फात उमटलेल्या हेटीच्या ठशांवरून आयता पळत आला होता आणि शेवटच्या उतारावर तिलाच मागं टाकून जिंकला होता. हेटी तेव्हापासून धुमसत होती.

"यंदा तरी स्वतःचं डोकं वापर की, मेल्या!"

"तुझे पाय आहेत ना? मग मी डोकं कशाला शिणवू!"

शर्यतीच्या दिवशी धुकं असं दाटलं की पुढचा माणूस दिसेना. माथ्यावर वाऱ्यानं बर्फ उडवून नुसता खडक उघडा पाडला होता, तिथं ठसे संपले. क्लेमनं इकडंतिकडं हुडकलं, तर डाव्या अंगाला पुन्हा ताजे ठसे, अगदी त्याच बुटांचे! खूश होऊन तो सुसाट उतरला आणि भलत्याच खोऱ्यातल्या मेंढवाड्यात जाऊन धडकला.

संध्याकाळी अख्ख्या गावादेखत त्यानं एडक्याचा मुका घेतला. तोंड पुसत ओरडला, "अगं, पण ठसे तर तुझेच होते!"



"माझे होते रे ते," हेटीचा नवरा म्हणाला. "सकाळी ही म्हणाली, अहो, तुम्हाला माझ्यासारखेच बूट आणलेत, तेच घाला आणि डोंगरापलीकडच्या मेंढ्यांना चारा टाकून या."