दोन वाजताचं रीडिंग

"लाइन पायी फिरून बघितल्याशिवाय मी फीडर चालू करणार नाही साहेब," सबस्टेशनचा ऑपरेटर मल्लिनाथ फोनवर म्हणाला. पलीकडून जे आलं ते ऐकताना त्याने रिसीव्हर कानापासून चार बोटं लांब धरला.

तळवाडी फीडर दोन वाजून सात मिनिटांनी बंद झाला होता. अकरा हजार व्होल्टची ती लाइन सात गावांना जायची. मल्लिनाथने रजिस्टरमध्ये वेळ टाकली आणि पुढे लिहिलं, 'अर्थ फॉल्ट'. म्हणजे कुठेतरी तार जमिनीला टेकली आहे. असं झालं की पॅनेलवरच्या रिलेने ते ओळखायचं आणि लाइन तोडायची, ही व्यवस्था.

आणि फीडर गेला की ऑपरेटरने तो एकदा चालू करून बघायचा, ही रीत. टिकला तर टिकला.

लाइनमन गुरप्पा मोटारसायकल घेऊन निघाला होता. ती शेतात शिरत नव्हती, म्हणून पुढचे पाच किलोमीटर तो पायीच जाणार होता. ऊन त्रेचाळीसच्या वर होतं.

अडीचला तळवाडीच्या यशोदाबाईंचा फोन आला. त्यांची पिठाची गिरणी होती.

"मल्लिनाथ, अर्धा डबा दळलाय, अर्धा तसाच हाय. गिऱ्हाईक म्हणतंय, अर्धी भाकरी खाऊ का?"

"थोडं थांबा, मावशी."

"थांबूनच म्हातारी झाले की रं!"

पावणेतीनला जीप आली. मघाशी फोनवर असलेला कनिष्ठ अभियंता राजस देगावकर आत येऊन खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. पाच सबस्टेशन त्याच्याकडे होती. सकाळपासून दोन जळालेले ट्रान्सफॉर्मर बघून झाले होते.

"मल्लिनाथ, सात गावांच्या पाण्याच्या मोटारी बंद आहेत. मला वरून फोन येतायत. एकदा ट्राय घ्या."

"गुरप्पा पोचू द्या साहेब."

"फ्लॅग पडलाय ना रिलेचा?" रिलेने लाइन तोडली की त्यावर पडणाऱ्या खुणेबद्दल राजस विचारत होता.

"रजिस्टरला लिहिलंय."

राजसने रजिस्टर ओढून घेतलं. प्रत्येक तासाला तिन्ही तारांचा करंट मीटरवर बघून लिहायचा असतो. बहुतेक ऑपरेटर खुर्चीतून न उठता मागचेच आकडे खाली उतरवतात. एक वाजता अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. दोन वाजता अठ्ठावन्न, सत्तावन्न, एकतीस.

"हे तिसऱ्या तारेला एकतीस काय? चुकून लिहिलंत?"

"बघून लिहिलंय साहेब."

राजसने रजिस्टर मिटलं. "तुमच्यावर आधीच दोन मेमो आहेत. गेल्या वर्षी मीटरचा काटा हलला म्हणून तुम्ही फीडर हाताने बंद केलात. दोन तास चार माणसं फिरली. काय सापडलं?"

"काय नाही."

"तेव्हाच सांगितलं होतं, अंदाज बांधू नका. रिले त्याचं काम करेल, तुम्ही लिहायचं काम करा. आज रिलेने तोडलाय म्हणून मी ऐकून घेतोय. पण आता हा माझा आदेश आहे. फीडर चालू करा. नाही केलात तर तिसरा मेमो. पुढे निलंबनच, ते माझ्याही हातात नाही."

मल्लिनाथच्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. तो उठला, माठातलं पाणी प्यायला आणि परत स्टुलावर बसला.

"द्या मेमो साहेब," तो म्हणाला. "पण आधी गुरप्पाचा फोन येऊ द्या."

राजसने पॅडचा कागद काढला आणि तारीख घालण्यासाठी पॅनेलवर लटकवलेल्या बँकेच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अहो, मार्चच चालू आहे का तुमच्याकडे? मे संपत आला. पान तरी उलटा."

"राहून गेलं."

मेमोच्या दोन ओळी झाल्या तेव्हा फोन वाजला. मल्लिनाथने स्पीकर लावला.

"घावली साहेब," गुरप्पाला धाप लागली होती. "तळवाडीच्या अलीकडं, वड्याच्या काठाला. तार तुटून वाळल्या वावरात पडलीया."

"कुणी हात नाही ना लावला?" राजसने विचारलं.

"लावला की! हितल्या आप्पानं हातानं उचलून बांधावर टाकलीया. म्हनला, बैलाच्या पायात येतीया. लाईट तर गेल्याली हाय, भ्यायचं कशाला?"

"किती वाजता उचलली?"

"तीनच्या आत-बाहेर. बैल पाण्यावर न्यायच्या टायमाला. लई हसतंय म्हातारं. म्हनतंय, तुमच्या कंपनीचं काम फुकट केलं, चहा पाजा."

राजसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मग हातातला कागद आधी आडवा फाडला, मग उभा.

"मल्लिनाथ," तो म्हणाला, "मी तेव्हाच चालू करायला लावत होतो."

"व्हय."

"वाळलेल्या मातीत करंट किती जाणार? तेवढ्यावर रिलेने लाइन तोडणं म्हणजे कमाल आहे. चांगले रिलेसुद्धा सोडून देतात असले फॉल्ट. मी विभागाला लिहितो. निदान एका सबस्टेशनमध्ये तरी यंत्रणा चोख आहे म्हणून. रिलेचा नंबर काय आहे?"

"उद्या देतो साहेब. तुम्ही दमलाय."

"दोन मिनिटांचं काम आहे. कुठे आहे, या कॅलेंडरच्या मागे का?"

"राहू द्या साहेब."

पण राजस उठला होता. त्याने खिळ्यावरून कॅलेंडर उतरवलं. मागे पत्र्यात वीतभर चौकोनी रिकामी खोबण होती, आणि कडेला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी. 'अर्थ फॉल्ट रिले टेस्टिंगसाठी नेला. दोन दिवसांत परत बसवतो. तोपर्यंत फीडर चालू ठेवावा.' खाली बारा मार्च ही तारीख होती, आणि राजसची स्वतःची सही.