तोंडावरचा हात

जुईनगरपलीकडच्या दगडखाणीच्या वस्तीत अ‍ॅम्ब्युलन्स पोचायच्या आतच बाळ जन्मलं, पण रडलं नाही. आरोग्य केंद्रातून धावत आलेल्या वैदेही सिस्टरने त्याला पुसलं, पाठ चोळली; तरी ते निळंच. मग तिने इवलासा मास्क त्याच्या नाकातोंडावर घट्ट धरला आणि त्याला जोडलेला रबरी फुगा दाबत श्वास भरू लागली. छाती हलली. ओठांवरचा निळेपणा उतरू लागला. मास्कखालून बारीक कण्हणं आलं. अजून थोडा वेळ फुगा दाबत राहायला हवं होतं.

ते कण्हणं ऐकून ताडपत्रीबाहेर थांबलेला बाप, गोरख, आत घुसला.

"तोंड दाबून मारतीस व्हय गं माझ्या पोराला?"

त्याची लाथ तिच्या बरगडीत बसली. तरी ती मास्क सोडेना, तेव्हा त्याने तिचा हात मनगटातून उलटा पिरगाळला. हाड कडकन मोडलं.

"भाऊ, त्याचा श्वास चालू राहायला हवा... फुगा दाबा, पाया पडते तुमच्या!"

फुगा त्याने लाथेने भिंतीवर भिरकावला आणि बाळाला उचलून छातीशी धरलं. ते थोडं चुळबुळलं, मग थांबलं. गोरखचा आवाज एकदम मऊ झाला.

"बघ सटवे, बापाच्या कुशीत कसा गप निजला."