मिठागरातली चौथी बाई

संग्रहालयाच्या भिंतीवरच्या पडद्यावर, डोक्यावर मिठाच्या पाट्या घेतलेल्या बाया चालत होत्या. तिसरी गेली, मग थोडी रिकामी जागा, मग पाचवी. चौथी, म्हणजे कुंदाची आई, नव्हतीच. आईचं दुसरं चित्र जगात कुठेच नव्हतं.

"दादा, गेल्या गुरुवारी होती की ती! वळून हसायची!"

रखवालदार ठोसरांनी पडद्याच्या वर बसवलेल्या बारीक कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "ताई, ही फिल्म प्रेक्षकांचे डोळे वाचते. लोक बघतात ते ठेवते, बघत नाहीत ते कायमचं पुसते. ती बनवणाऱ्या चित्रकाराची तीच तर मोठी कल्पना! दुसरी प्रत ठेवायचीच नाही, असं लिहून घेतलंय त्याने."

"बघत नाहीत? मी दर गुरुवारी दोन बसगाड्या बदलून येते, फक्त तिच्यासाठी!"

ठोसरांनी नोंदी उघडल्या आणि त्यांचा आवाज उतरला. "येता खरं. पण ती वळली की तुम्ही दर वेळी डोळे मिटलेत."

कुंदाला आपले जोडलेले हात आठवले.

"नमस्कार करत होते हो मी!"

"यंत्राला ते कोणी शिकवलंच नाही, ताई."

मग ती पापणीही न लववता त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. दर गुरुवारी येऊन बघत राहिली. यंत्राने ती जागा नीट जपून ठेवली.