कासवआजीला मिशी नसते

“उतरव,” खुर्चीत बसत फोरमन म्हणाला.

“दाढी ना?”

“मिशी.”

सलूनवाल्याचा ब्रश फेसाच्या वाटीतच थांबला. ही मिशी म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. फाउंड्रीतली चाळीस माणसं फोरमनच्या तोंडाकडे नाही, तिच्याकडे बघून कामाला लागायची. उजवं टोक हललं की भट्टीजवळच्या गप्पा बंद. आणि सलूनवाल्याचं म्हणाल तर त्याची निम्मी गिऱ्हाइकं तिच्याच जिवावर यायची. आरशाच्या वर चौकटीत तिचा फोटो होता. फोरमनचा बाकीचा चेहरा त्यात जेमतेम मावला होता.

“साहेब, बारीक करतो. हवं तर टोकं खाली वळवतो.”

“साफ उतरव. उद्या कार्यक्रम आहे.”

बाकावरच्या कंत्राटदाराने हातातला पेपर खाली केला. हा फाउंड्रीला वाळू पुरवायचा आणि फोरमनशी त्याचं एक दिवसाआड वाजायचं. ट्रकला उशीर झाला की फोरमन त्याला फाटकापाशीच उभा करून सगळ्यांसमोर झाडायचा. आज देवाने आयताच मोका दिला होता.

“कुठली पैज हरलात, फोरमन?”

सलूनवाला भला माणूस. त्याने पटकन फेस लावायला घेतला. “पैजच असणार. मर्दाचा शब्द तो. हरला की मिशी काढून देतो, तोंड लपवत नाही.”

नुसती मान हलवली असती तरी फोरमनचं भागलं असतं. पैजेत मिशी देणाऱ्याचं चारचौघांत उलट वजनच वाढतं. सोमवारी कामावर हीच गोष्ट खपून गेली असती. वस्तरा उजवीकडून फिरला आणि अर्धी मिशी फेसासकट टॉवेलवर पडली. आरशात अर्धा फोरमन होता आणि अर्धा कुणी अनोळखी माणूस.

“पैज नाही,” फोरमन म्हणाला. “उद्या मला कासवआजी व्हायचंय.”

“कोण आजी?” सलूनवाल्याने विचारलं.

“कासवआजी. ‘तळ्याकाठची पाच घरं’ म्हणून कार्टून लागतं, त्यातली. उद्या ते बघणाऱ्यांचा मेळावा आहे. सगळे एकेक सोंग घेऊन येणार. मी कासवआजी. पाठ स्वतः ठोकून बनवलीय पत्र्याची, जेवणाच्या सुट्टीत. कामावरच्या पोरांना वाटत होतं, साहेब पंपाचं झाकण करतायत.”

कंत्राटदार इतका हसला की त्याला ठसकाच लागला. “कार्टून! अहो, तुमचा मुलगा नोकरीला लागला ना?”

“लागला. तो नाही बघत. मी बघतो.”

“वहिनींना माहितीये?”

“झगा तिनेच शिवलाय.”

“धन्य आहे! पुरुषासारखा पुरुष, चाळीस माणसं हाताखाली, आणि…” पुढचं त्याला हसण्यामुळे बोलवेना.

फोरमनचे कान लालबुंद झाले. भट्टीसमोर उभं राहूनही कधी झाले नव्हते. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगा! पण तोंड उघडलंच होतं, आता ते अर्ध्यावर मिटणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

“कासवआजी सगळीकडे उशिरा पोचते,” तो म्हणाला. “पण ती आल्याशिवाय तळ्यावर कुणी जेवायला बसत नाही. आणि तिच्यावर कुणी ओरडत नाही. मी दिवसभर ओरडतो. तुमच्यावरही ओरडतो. मग घरी जाऊन हातपाय धुतो, ते कार्टून लावतो, आणि जिवाला बरं वाटतं. आवडतं मला. झालं?”

कंत्राटदाराचं हसू ओसरलं. त्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

“मग मिशीसकट व्हा की आजी,” उरलेली अर्धी वाचवायची म्हणून सलूनवाला म्हणाला. “लहान पोरांना काय कळतंय?”

“त्यांनाच कळतं. चालव वस्तरा.”

डावी बाजूही गेली. टॉवेलवरचे केस सलूनवाल्याने कागदात गुंडाळले. टाकवेनात, म्हणून पुडी खणात ठेवली आणि वर फोटोकडे पाहिलं. “हा राहू दे ना?”

“राहू दे. जाते कुठे? येईल वाढून.”

कॅलेंडर काढलं की भिंतीवर उरतो तसा पांढरा पट्टा फोरमनच्या ओठावर उरला होता. त्याने आरशात एकदा गाल फुगवून पाहिले, मान आखडून घेतली, आणि स्वतःवरच खूश होऊन उठला.

कंत्राटदार खुर्चीत बसला. गळ्याभोवती टॉवेल आला. फोरमन दारापाशी पोचला तेव्हा मागून हाक आली.

“फोरमन. चष्मा घेतलाय का?”

“कसला चष्मा?”

“आजीचा हो.”

“घेतलाय.”

“डाव्या काचेला तडा पाहिजे.” कंत्राटदार समोर आरशात बघत होता, दुसरीकडे कुठेच नाही. “तळ्याला पूर आला होता ना, त्या भागापासून आहे तडा. साधा चष्मा घालून गेलात तर पोरं धिंडवडे काढतील.”

ब्रश दुसऱ्यांदा वाटीत थांबला. कंत्राटदाराने डोळे मिटून घेतले.

“किती वाजता आहे म्हणालात?”

“दहाला,” फोरमन म्हणाला. “तुम्ही उशिराच याल. आम्ही थांबू.”

त्याचा हात सवयीने मिशीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्याने तरीही पीळ भरला आणि तो बाहेर पडला.