कापसातली पिल्लं

उजाडता उजाडता विमलताईंनी कापसावर हात फिरवला. ओला होता. ओलं तेवढं त्यांनी आत दडपलं, वर कोरडं पसरलं आणि मगच श्वास सोडला. शेजारच्या खळग्यात तीन पिल्लं एकमेकांत गुंतून झोपली होती.

समोरची खोली कापसाने भरली होती. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा आणि राखणीला म्हाताऱ्या माणसाने त्यावरच वाकळ टाकून झोपायचं, ही इकडची रीत. म्हाताऱ्याला ऊब मिळते असं सांगतात. म्हाताऱ्यासाठी वेगळी खोली लागत नाही, हा दुसरा लाभ सांगायची प्रथा नाही.

मांजर गोठ्यात व्यायली होती, कोकिळाआत्यांच्या रिकाम्या खाटेखाली. थंडी वाढली तशी तिने पिल्लं तोंडात धरून एकेक करून कापसात आणली. कोकिळाआत्या म्हणजे विमलताईंच्या चुलतसासू. शेवटी त्यांची खाट गोठ्यात का गेली, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. म्हणूनच कोणी ते विचारत नसे.

पिवळा पडलेला कापूस प्रथम दिसला तो नयनला, विमलताईंच्या मुलाला. व्यापारी एका बोंडासाठी अख्खा ढीग नासका ठरवतो. नयन कधी आवाज चढवत नसे; घरात त्याची भीती होती ती त्यामुळेच.

"घाण करणारं घरात राहात नसते, माय," तो म्हणाला.

विमलताईंनी हातातली जेवणाची पितळी खाली ठेवली. लेकरं आहेत, शिकतील, असं त्या कसंबसं बोलल्या.

शिकवायचं काम सून वैष्णवीने अंगावर घेतलं. तिने घमेल्यात रेती भरली. खाणं झालं की प्रत्येक पिल्लाला ती रेतीत ठेवी, त्याचा पुढचा पंजा धरून उकरून दाखवी. थोडी घाण रेतीत मुद्दाम राहू देई, म्हणजे वासाने त्यांना जागा पुन्हा सापडे. दूध सुटलं की पिल्लं कुणाला तरी देता येतात; ते तोडण्यासाठी भाकर वरणाच्या पाण्यात कुस्करून आधी बोटावर चाटवली, मग ताटलीत दिली. मांजरीला दिवसा बाहेर ठेवू लागली. नयनने मोबाइलवर वाचून सूचना केल्या. मुतण्यासारख्या विषयावर त्या घरात प्रथमच इतकी मोकळी, सहानुभूतीची आणि जवळजवळ शास्त्रीय चर्चा झाली. विमलताई ती दाराआडून ऐकत राहिल्या.

पिल्लं भराभर शिकली. कापूस ओला होणं मात्र थांबलं नाही. वैष्णवीचा संशय मरतुकड्या भुऱ्या पिल्लावर गेला. विमलताईंनी तो खोडून काढला नाही.

उलट दुपारी घर निजलं की त्या मागचं दार किलकिलं करीत. मांजर आत येई, पिल्लं तिला लुचत आणि संध्याकाळची ताटली तशीच राहून जाई. एकदा वैष्णवीने त्यांना दाराशीच गाठलं.

"आई, तुम्हीच तिले आत घेऊन राह्यल्या?"

"अजून पितात थे. आत्ताच कायले तोडतं?"

"मले वाटे माह्यंच काही चुकून राह्यलं." वैष्णवी हसली. स्वतःच्या नातवाला असं लाडावलं नव्हतं, असा टोमणाही तिने मारला. रागावली मात्र नाही. रागावलेली सून लांब राहते, मायेची जवळ येते; विमलताईंना त्याचीच धास्ती वाटली.

शेवटी पिल्लं ताटली पुसून खाऊ लागली. मुकुटबनच्या रामरावांना गोदामातल्या उंदरांसाठी मांजरं हवीच होती. आईसकट सगळी नेतो, असा त्यांचा निरोप आला.

"हिवाळा तं सरू दे," विमलताईंनी नयनपुढे अक्षरशः हात जोडले. "एक तरी ठेव. थे भुरं ठेव."

"थेच तं घाण करते, माय."

"काहून आई, एवढा जीव लागला का?" वैष्णवीने विचारलं.

"हाव," विमलताई म्हणाल्या.

संध्याकाळी रामराव झाकणाची टोपली घेऊन आले. वैष्णवीने घमेलं धुऊन पालथं घातलं, पिवळा कापूस वेचून काढला, कोरडा सारखा केला आणि त्यावर सासूची वाकळ अंथरली. विमलताई त्या दिवशी जेवल्या नाहीत, चहालाही शिवल्या नाहीत. पिल्लांच्या विरहाने, असं घराने ठरवलं.

सकाळी भाव आल्याचा फोन आला. नयन पोती घेऊन खोलीत शिरला.

"ऊठ माय, कापूस भरू."

वैष्णवीने आधाराला हात पुढे केला. विमलताईंनी वाकळ छातीशी घट्ट धरली. त्यांच्या अंगाखालचा कापूस अजून कोमट ओला होता, आणि घरात एकही मांजर उरलं नव्हतं.