अर्जातली चौथी ओळ

कपाटातल्या मुलाच्या खणाला आज पुन्हा कुलूप होतं. आईनं दोनदा ओढून पाहिलं आणि शिवणयंत्रापाशी येऊन बसली. शाळेचे अठरा गणवेश शनिवारपर्यंत द्यायचे होते.

बाहेरच्या खोलीत मुलगा शर्टाला इस्त्री करत होता. वय बत्तीस. पाच वर्षांपूर्वी त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि छापखान्यातली नोकरी सुटली. औषधं चालू होती. चार दिवस बरे जायचे, दोन वाईट.

"कुठं निघालास?"

"काम आहे जरा."

"दर गुरुवारी कसलं रे काम?"

"आहे गं. आलोच तासाभरात." दारात तो थबकला. "आई, काल जिन्यात कुणीतरी माझं नाव घेऊन हसत होतं. ते झालं, की मला वाटलं?"

"वाटलं तुला."

"बरं." त्याचा चेहरा सैल झाला. हे रोजचंच होतं. ती झालं म्हणाली की झालं, वाटलं म्हणाली की वाटलं. त्यावर तो कधी वाद घालायचा नाही.

तो गेल्यावर धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात तिला एक चिठ्ठी सापडली. कोर्टाशेजारच्या मोफत कायदा सल्ला केंद्राची. वर त्याचं नाव, खाली तीन तारखा. तिन्ही गुरुवार.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ आला. त्यानं चिठ्ठी उजेडाकडं धरून पाहिली.

"ताई, रागावू नकोस. घर तुझ्या नावावर आहे ना?"

"मग?"

"मग काय? उगीच कुणी वकिलाच्या पायऱ्या झिजवत नाही."

"त्याला घराचं काय करायचंय? राहतोच की इथं."

"त्याला नसेल, त्याला शिकवणाऱ्याला असेल. आणि वेडा म्हणावं तर शर्ट बघ. नवरदेवासारखा."

"वेडा म्हणू नकोस."

"बरं बाई, आजारी."

त्या दिवसापासून तिची नजरच बदलली. ती खोलीत आली की मुलगा हातातला कागद उलटा ठेवायचा. एकदा त्यानं घराचा कागद मागितला.

"कशाला हवाय?"

"पत्त्याचा पुरावा लागतोय. नंतर सांगतो."

तिनं कागद सापडत नाही म्हणून सांगितलं आणि तो शेजारणीकडं नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी ती कापड बेतत असताना तो समोर येऊन उभा राहिला. बराच वेळ नुसता बघत होता.

"आई, तुला माझी भीती वाटते का?"

"छे. भीती कसली?" ती म्हणाली, पण कापडावरची कात्री तिथंच थांबली. पाच वर्षांत त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. दुपारी तिनं भावाला फोन केला.

भावाच्या ओळखीचा वकील मितभाषी होता. "तो स्वतःहून इस्पितळात गेला तर सगळ्यांत सोपं," तो म्हणाला.

"जाणार नाही," भाऊ म्हणाला.

"घर तुमचं आहे, त्याला बाहेर काढायचा दावा लावता येईल. पण वर्षं जातील, आणि जाईल कुठं तो? नाहीतर दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. ते त्याला उपचाराला पाठवू शकतात. मात्र त्याच्यापासून धोका आहे असं दिसावं लागतं. कधी हात उगारलाय त्यानं?"

"नाही," आई म्हणाली.

भावानं घसा साफ केला. "ताई भिडस्त आहे हो. कात्री घेऊन अंगावर आला होता तिच्या."

वकिलानं आईकडं पाहिलं. पेन कागदाच्या वर थांबलं होतं. महिनाभर इस्पितळात राहील, नीट औषध होईल, तोवर घरही सांभाळलं जाईल. यात कुणाचं वाईट होतंय, असं तिनं मनाशी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

"हो," ती म्हणाली. "कात्री घेऊन."

अर्जातली चौथी ओळ लिहून झाली. खाली तिनं सही केली.

सुनावणीची खोली लहान होती. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, केंद्रातली एक वकीलबाई त्याच्या शेजारी. म्हणजे तयारीनं आलाय, आईला वाटलं. तो नाकारणार, मग ती बाई आपल्याला खोदून विचारणार. कुठला हात, किती वाजले होते, तुम्ही कुठं उभ्या होतात. तिनं सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती.

दंडाधिकारी बाईंनी चौथी ओळ मोठ्यानं वाचली. "यावर तुमचं म्हणणं काय?"

मुलानं आईकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"माझं म्हणणं आधीच लिहून ठेवलंय," तो म्हणाला. "अर्ज लागायच्या आधी."

वकीलबाईंनी एक बंद पाकीट पुढं केलं. त्यावर डॉक्टरांची आणि दोन साक्षीदारांची सही होती. दंडाधिकारी वाचू लागल्या.

"आज मी बरा आहे म्हणून हे लिहितो. आजारात घडलेलं कुठलं आणि वाटलेलं कुठलं ते मला कळत नाही. तेव्हा माझ्याबद्दल आई जे सांगेल ते खरं धरावं. मी नाही म्हणालो तरी माझं ऐकू नये. माझ्यापासून तिला धोका वाटला, तर मला लगेच घरातून न्यावं. घर तिचं आहे, तिनं तिथं निर्धास्त राहावं. हा कागद तिला आधी दाखवू नये, ती मला सही करू देणार नाही."

दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मग आता आईंना काही विचारायचं कारण राहत नाही," त्या म्हणाल्या आणि आदेशावर सही केली.

मुलगा उठून आईपाशी आला. तिचे दोन्ही हात त्यानं हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, बाही जराशी वर सारून मनगटंही पाहिली.

"आई," त्यानं हळूच विचारलं, "तुला कुठं लागलं तर नाही ना गं?"