तीस फेब्रुवारीचं तापमान

"सर, हे बघा," म्हणत मी मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. जुन्या वेधशाळेच्या नोंदवहीचं पान होतं. तारीख तीस फेब्रुवारी! सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळचं तापमान मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं.

अकरा वर्षं एकही दिवस न चुकवता नोंदी करणाऱ्या त्या कारकुनावर सरांनी ग्रंथ लिहिला होता. विज्ञानाचे इतिहासकार म्हणून त्यांचं सगळं नाव त्यावरच उभं होतं. आणि तो बाबा तर घरी बसून आकडे ठोकून देत होता!

वाटलं, सर कोसळतील. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"पान एकशे बारा," ते म्हणाले.

पानाचा आकडा मी सांगितलाच नव्हता, फोटोतही दिसत नव्हता.

"तुझा प्रबंध जूनमध्ये द्यायचाय ना? माझी सही लागेल," म्हणत त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. त्या कपाचीसुद्धा किळस आली, तरी मी तो संपवला.

शनिवारी त्यांच्या सत्काराला मानपत्र मीच वाचलं. 'सत्याशी कधीही तडजोड न करणारे' या ओळीला टाळ्या पडल्या, तेव्हा मी ती पुन्हा एकदा वाचली.